खडूने आखलेलं घर

‘लॉज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एसटी स्टँडासमोरची पाटी येते. बोर्डिंग-लॉजिंग, चोवीस तास गरम पाणी, खाली खानावळ. चादर शेवटची कधी धुतली हे विचारू नये. मुंबईच्या फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये ‘लॉज भरतं’ असं कुणी सांगितलं, तर मराठी माणूस जरा बिचकतो तो त्यामुळेच. लॉज भरतं म्हणजे काय? गिऱ्हाइकांनी?

शब्द मात्र दोन्हीकडे एकच आहे. मध्ययुगात युरोपातल्या मोठ्या चर्चचं बांधकाम पिढ्यानपिढ्या चाले. अर्धवट उभ्या भिंतीच्या आडोशाला पाथरवट एक शेड टाकत. पावसापाण्यात दगड घडवायचे ते तिथे, हत्यारं ठेवायची ती तिथे, भाकरी खायची ती तिथे आणि धंद्यातली गुपितं शिकाऊ पोराला सांगायची तीही तिथेच. या शेडला म्हणत लॉज. आपल्याकडे धरणाच्या किंवा रस्त्याच्या कामावर वडारांची पालं पडत, त्याच जातीची ही वस्तू. काम संपलं की शेड मोडायची आणि पुढच्या गावी जायचं.

सतराव्या शतकात या पाथरवटांच्या मंडळांत भलतीच माणसं शिरू लागली. इलायस ॲशमोल नावाच्या इंग्रज विद्वानाने १६४६ साली वॉरिंग्टन गावी आपल्याला फ्रीमेसन करून घेतल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. या गृहस्थाने जन्मात दगडाला छिन्नी लावली नव्हती. कायदा, जुनी हस्तलिखितं, ज्योतिष आणि किमया हे त्याचे विषय. असे सभासद वाढत गेले, खरे कारागीर कमी होत गेले आणि शेवटी उरली ती हत्यारं. गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ, हातोडा, छिन्नी. त्यांनी दगड घडवायचा नाही, माणूस घडवायचा, अशी कल्पना. अनघड दगड म्हणजे नवखा सभासद आणि घासूनपुसून काटकोनात आणलेला दगड म्हणजे त्याने जे व्हायचं ते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही आपली म्हण त्या मंडळींना कुणी ऐकवली असती तर त्यांनी ती दारावर कोरून घेतली असती.

दगडाचं नाव घेणाऱ्या या मंडळींकडे सुरुवातीला स्वतःची एकही दगडी भिंत नव्हती. लंडनमधल्या चार लॉजेसनी २४ जून १७१७ रोजी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज स्थापली, अशी त्यांची परंपरा सांगते. ती स्थापली कुठे, तर सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आवारातल्या ‘गूज अँड ग्रिडायर्न’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात. त्या चारही लॉजेसची नावं त्या त्या गुत्त्यांचीच होती. वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळपुरती घ्यायची, दार लावायचं आणि दाराबाहेर एक माणूस उघडी तलवार घेऊन उभा करायचा. याला ‘टायलर’ म्हणतात आणि आजही प्रत्येक लॉजच्या दाराबाहेर तो असतो.

आत काय करायचे ते जवळून बघण्यासारखं आहे. टेबलं-खुर्च्या बाजूला सरकवायच्या आणि जमिनीवर खडूने व कोळशाने एक लांबट चौकोन आखायचा. त्यात दोन खांब, पायऱ्या, काळ्या-पांढऱ्या चौकटीची फरसबंदी, वर सूर्य, चंद्र, तारे. हे चित्र म्हणजे बायबलातल्या सॉलोमन राजाने जेरुसलेमला बांधलेलं मंदिर, निदान त्याची खूण. नव्या सभासदाला या चित्राभोवती फिरवायचं, शपथ द्यायची, अर्थ समजावून सांगायचा. मग तो नवा सभासद बादली आणि फडकं घेऊन ते सगळं चित्र पुसून काढणार. सगळे खाली जेवायला जायचे तेव्हा वरची खोली पुन्हा गुत्त्याची खोली झालेली असे. दारात सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखाली विस्कटते, तशीच काहीशी ही गत. फरक एवढाच की रांगोळी जगाने पाहावी म्हणून काढतात आणि ही आखणी जगाने पाहू नये म्हणून पुसली जाई.

पुढे रोजची घासाघीस नको म्हणून कापडावर चित्र काढून ते अंथरण्याची टूम निघाली, नंतर लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रं आली. जमिनीवरचं चित्र उभं राहून चार भिंती आणि छत व्हायला मात्र बरीच वर्षं लागली. जगभरची कुठलीही मेसॉनिक इमारत बघताना मला तो खडूचा चौकोन आठवतो. अशा इमारतींत सर्वांत मोठा मान लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स हॉलचा. हॉबर्न आणि कॉव्हेंट गार्डन यांच्या मधोमध, नाटकांच्या थिएटरांच्या गर्दीत तो बसलेला आहे.

या जागेवर मेसन मंडळी आली ती १७७४ साली. पुढे एक घर, मागे बाग, अशी मालमत्ता त्यांनी घेतली आणि बागेच्या जागी हॉल बांधायचं ठरवलं. वास्तुकार होते थॉमस सँडबी, रॉयल अकॅडमीत वास्तुशास्त्राचे पहिले प्राध्यापक. हॉल २३ मे १७७६ रोजी खुला झाला. रस्त्यावरून तो दिसतच नसे. पुढे होती ती ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’, म्हणजे पुन्हा खाण्यापिण्याचीच जागा. गुत्त्यातून उठून आलेली मंडळी स्वतःचा गुत्ता घेऊन बसली, असं म्हणायला हरकत नाही. हॉल रिकामा असेल तेव्हा गाण्याबजावण्यासाठी भाड्यानेही दिला जाई. गुप्त मंडळाचा हॉल भाड्याने मिळतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही ज्ञातीच्या कार्यालयाशी जुळणारं आहे. ज्ञातीची सभा वर्षातून एकदा, बाकी मुंजी आणि लग्नं.

त्या टॅव्हर्नमध्ये जे जे घडलं ते वाचून गंमत वाटते. लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी, जगातली सर्वांत जुनी भूशास्त्रीय संस्था, १३ नोव्हेंबर १८०७ रोजी तिथल्याच एका जेवणावळीत स्थापन झाली. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या काही क्लबांचे आणि शाळांचे प्रतिनिधी त्याच टॅव्हर्नमध्ये जमले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन काढली. चेंडू हातात घेऊन पळायचं की नाही, समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची की नाही, यावर पुढच्या बैठकांत कडाक्याचं भांडण झालं. हात आणि लाथ दोन्ही नको म्हणणाऱ्यांचा विजय झाला. रग्बी वेगळी निघाली आणि आज कोल्हापुरात पेठापेठांत जो फुटबॉल खेळला जातो तो या भांडणाची थेट औलाद. मेसन मंडळींचा यात हात नव्हता. जागा तेवढी त्यांची.

सँडबींच्या हॉलला पुढे जोडण्या होत गेल्या. बँक ऑफ इंग्लंड उभारणारे सर जॉन सोन यांनी १८२०च्या दशकात एक दालन बांधलं, १८६०च्या दशकात फ्रेडरिक कॉकरेल यांनी सगळंच वाढवून नव्याने मांडलं, १८८३ला आग लागली, दुरुस्ती झाली. कॉकरेल यांच्या या दुसऱ्या हॉलबद्दल जास्त सांगत बसत नाही. त्याच्या दर्शनी भागाचा तुकडा शेजारच्या ‘कॉनॉट रूम्स’च्या इमारतीत अजून शिल्लक आहे.

तिसऱ्या आणि आजच्या हॉलची गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला. इंग्लंडच्या ग्रँड लॉजचे ग्रँड मास्टर होते ड्यूक ऑफ कॉनॉट, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे तिसरे चिरंजीव आर्थर. हे आपल्या ओळखीचे आहेत. १८८६ ते १८९० या काळात ते मुंबई लष्कराचे सरसेनापती होते, म्हणजे पुण्याच्या लष्करी मंडळात त्यांचा वावर. दिल्लीतल्या कॅनॉट प्लेसला नाव आहे ते त्यांचंच. १९१९ला अल्बर्ट हॉलमध्ये शांततेचा सोहळा झाला तेव्हा त्यांनी युद्धात पडलेल्या मेसन बांधवांचं स्मारक म्हणून एक नवी वास्तू बांधण्याची कल्पना मांडली. निधीचं लक्ष्य दहा लाख पौंड, म्हणून निधीचं नावच पडलं ‘मेसॉनिक मिलियन मेमोरियल’.

पैसा गोळा करण्याची पद्धत आपल्याला अनोळखी वाटणार नाही. देणगीदाराला पदक. वैयक्तिक देणगी दिली तर छातीवर लावायचं, लॉजने मिळून ठरावीक रक्कम भरली तर त्या लॉजला ‘हॉल स्टोन लॉज’ ही पदवी आणि त्याच्या मास्टरने, म्हणजे प्रमुखाने, गळ्यात घालायचं पदक. देवळाच्या पायरीवर ‘अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’ कोरलेलं असतं, त्याची ही गळ्यात बांधायची आवृत्ती. ५३,२२४ व्यक्तींनी आणि देशोदेशींच्या १,३२१ लॉजेसनी हा मान मिळवला. पदकाचा आकार क्रूसाचा, मध्ये पंखवाली बाई, तिच्या हातात एक छोटं मंदिर, आणि दोन बाजूंना १९१४ व १९१८ ही सालं.

आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली. परीक्षकांचे प्रमुख होते सर एडविन ल्युटेन्स. तेच, त्या वेळी नवी दिल्ली उभारण्यात गुंतलेले. शंभराहून जास्त आराखडे आले आणि निवड झाली हेन्री ॲशली आणि विंटन न्यूमन या जोडीची. काम १९२७ ते १९३३ चाललं. पायाच्या दगडाचा समारंभही मासलेवाईक. इतकी माणसं खणलेल्या जागेवर मावणार कुठे? म्हणून सगळे जमले दूर अल्बर्ट हॉलमध्ये, आणि ड्यूकनी तिथून विजेच्या तारेवरून इशारा दिला तेव्हा इकडे ग्रेट क्वीन स्ट्रीटला दगड बसला. बटण दाबून दूरवरच्या कोनशिलेचं अनावरण करणारे आपले मंत्री हा प्रकार नवा समजत असतील, तर तो नवा नाही.

इमारत बाहेरून बघितली तर, खरं सांगायचं, मला ती फारशी आवडत नाही. पोर्टलंडचा फिका चुनखडी दगड, सरळ रेघा, कोपऱ्यावर जाडजूड मनोरा. एखादी मोठी विमा कंपनी किंवा सरकारी खातं वाटावं. ‘आर्ट डेको’ हा शब्द ऐकून मरीन ड्राइव्हच्या गोलाकार गच्च्या आणि रंगीत पट्ट्या मनात आणाल तर फसाल. इथलं डेको गंभीर आहे, कोटाची सगळी बटणं लावलेलं.

पण आराखड्यातली हुशारी बाहेरून कळत नाही. जागा वेडीवाकडी होती, रस्ते तिरके. ॲशली-न्यूमन यांनी रस्त्याशी समांतर राहण्याचा नाद सोडला. कोपऱ्यावरच्या मनोऱ्याखाली मुख्य दार घेतलं आणि तिथून इमारतीच्या पोटात एक तिरपी सरळ रेघ मारली. दार, जिना, एकामागून एक दालनं, स्मारक, आणि रेघेच्या टोकाला ग्रँड टेम्पल. भोवतीच्या रिकाम्या कोपऱ्यांत कचेऱ्या, ग्रंथालय, संग्रहालय आणि वीसहून जास्त लहानमोठ्या लॉज-खोल्या बसवल्या. गवंडी घराच्या पायाची आखणी करताना लाइनदोरीने आधी एक मुख्य रेघ धरतो आणि बाकी सगळं तिच्या हिशेबाने गुण्यात घेतो, तशी ही इमारत त्या एका रेघेवर बेतलेली आहे. चालणाऱ्याला मात्र काहीच तिरकं वाटत नाही. तो सरळ पुढे जात असतो, आणि उजेड व छताची उंची दालनागणिक बदलत असते.

ग्रँड टेम्पलची दारं ब्राँझची आहेत, एकेका पाखीचं वजन सव्वा टन. शिल्पकार वॉल्टर गिल्बर्ट. त्यांवर सॉलोमनच्या मंदिराच्या बांधकामाची दृश्यं आहेत, दगड वाहणारी, घडवणारी, रचणारी माणसं. बायबल सांगतं की त्या मंदिराचे दगड खाणीवरच घडवून आणले होते आणि मंदिराच्या जागेवर हातोडीचा किंवा कुऱ्हाडीचा आवाज झाला नाही. फ्रीमेसन लोकांना ही कथा फार प्रिय. आणि गंमत पाहा, लंडनच्या या इमारतीचा मुख्य भार दगडावर नाहीच. आत पोलादी सांगाडा आहे, दगड त्याच्यावर चढवलेला अंगरखा. जुन्या चर्चमध्ये प्रत्येक चिरा वरच्या चिऱ्याचं ओझं खालच्याला देतो. इथे ते काम तुळया आणि खांब करतात. जवळजवळ १,७०० माणसं बसतील, सुमारे ३७ मीटर लांब, २७ मीटर रुंद आणि १९ मीटर उंच असं, मध्ये एकही खांब नसलेलं दालन १९३०च्या सुमारास उभारायचं तर पोलादाला पर्याय नव्हता. पाथरवटांचा वारसा सांगणाऱ्यांचं सर्वांत मोठं देऊळ लोहारांनी तोललेलं आहे. यात मी काही खोट काढत नाही. ॲशमोलच्या काळापासून त्यांचा दगड रूपकातलाच होता.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. छताच्या चारही कडांना मोझेकची कमानदार पट्टी आहे, लहान लहान रंगीत तुकड्यांची. तिच्यात सूर्यदेव हीलिओस चार घोड्यांचा रथ हाकतो आहे. आपला सात घोड्यांचा, ग्रीकांचा चारांचा. युक्लिड आहे, पायथागोरस आहे आणि त्याच्याबरोबर काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंवर उभारलेले तीन चौरस, म्हणजे युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं प्रमेय. माजी मास्टरच्या बिल्ल्यावरही हेच चित्र असतं. शाळेत ज्याने आपला घाम काढला ते प्रमेय कुणी गळ्यात दागिना म्हणून घालेल, असं वाटलं नव्हतं. पण कुठल्याही बांधकामावर जाऊन पाहा. भिंतीचा कोपरा गुण्यात आहे की नाही हे बघायला मिस्त्री एका बाजूला तीन फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला चार, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच भरलं की मान हलवतो. पायथागोरस त्याने वाचलेला नसतो. मेसन मंडळींनी वाचलेला असतो, पण भिंत बांधलेली नसते.

आता लहान लॉज-खोल्यांकडे वळू, कारण खडूचा चौकोन खरा दिसतो तो तिथे. प्रत्येक खोलीची सजावट वेगळी, मांडणी तीच. मध्ये काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन: सुख-दुःख, दिवस-रात्र. पूर्वेला मास्टरची खुर्ची, पश्चिमेला सीनियर वॉर्डनची, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डनची. सूर्य उगवतो तिथे मास्टर कामाला सुरुवात करून देतो, माध्यान्हीला ज्युनियर वॉर्डन जेवणाची सुट्टी देतो, मावळतीला सीनियर वॉर्डन मजुरी चुकती करून काम बंद करतो. पाथरवटांच्या शेडमधला दिवस असा तीन खुर्च्यांत बसवलेला आहे. प्रत्येकीच्या बाजूला एक खांब: आयोनिक म्हणजे शहाणपण, डोरिक म्हणजे बळ, कॉरिंथियन म्हणजे सौंदर्य. खोलीची भौगोलिक दिशा वेगळी असली तरी मास्टर बसतो ती पूर्व समजायची.

उत्तरेला अधिकाऱ्याची खुर्ची नाही. कारण दिलं जातं ते असं की सूर्य उत्तरेला कधी जात नाही, ती अंधाराची बाजू. लंडनमध्ये हे शंभर टक्के खरं, भर दुपारचा सूर्य तिथे नेहमी दक्षिणेलाच. पण हीच मांडणी जहाजातून मुंबईला आली तेव्हा एक छोटी अडचण तिच्याबरोबर उतरली. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे वर्षातले सुमारे सव्वादोन महिने फोर्टातल्या लॉजमध्ये सूर्य त्या बिनखुर्चीच्या, अंधाऱ्या बाजूला उभा. जून-जुलैत ढगांमुळे तो दिसत नाही, हे मेसन मंडळींचं नशीब.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर एका माणसाबद्दल थांबून सांगायला हवं. माणकजी करसेटजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ, पुढे न्यायाधीश झाले, मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून १८६३ला अलेक्झांड्रा शाळा काढणारे. त्यांना फ्रीमेसन व्हायचं होतं. बंधुभावाच्या गोष्टी करणाऱ्या मुंबईच्या इंग्रज लॉजने त्यांना घेतलं नाही. माणकजी युरोपला गेले आणि पॅरिसच्या एका फ्रेंच लॉजमध्ये दीक्षा घेऊन परत आले. आता नियमाने ते ‘बंधू’ होते. तरी मुंबईचं दार बंदच. तेव्हा मुंबई सरकारच्या वैद्यकीय खात्यातले डॉक्टर जेम्स बर्न्स, जे मेसन संघटनेतही वरच्या पदावर होते, यांनी १८४३च्या डिसेंबरात खास हिंदी लोकांना घेता यावं म्हणून नवं लॉज काढलं: ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’. पारशी आले, मुसलमान आले. अवेस्ताचे थोर अभ्यासक आणि समाजसुधारक खरशेदजी रुस्तमजी कामा हे याच लॉजचं पुढचं मोठं नाव. हिंदूंच्या बाबतीत प्रश्न पडला तो वेगळाच. मेसन व्हायला एका परमेश्वरावर श्रद्धा हवी, आणि तेहतीस कोटी देव असलेल्याचं काय करायचं, यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला. बंगालमध्ये पहिला हिंदू आत यायला १८७२ उजाडलं. दगड गुण्यात आहे की नाही हे पाहणाऱ्यांनी माणसाचा रंग आणि देव मोजण्यात एवढी वर्षं घालवली, हे त्या हत्यारांना शोभलं नाही.

पण एकदा दार उघडल्यावर खोलीतही बदल झाला, आणि वास्तूच्या दृष्टीने तो मला महत्त्वाचा वाटतो. लॉजच्या चौरंगावर धर्मग्रंथ उघडा ठेवावा लागतो, त्यावर गुण्या आणि कंपास. लंडनला तो बायबल. हिंदुस्थानातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, अवेस्ता आणि बायबल शेजारीशेजारी मांडले जाऊ लागले, ज्याला ज्याची शपथ घ्यायची त्याने ती घ्यावी. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ला झाली, ती हीच पद्धत घेऊन. चौरंग तेवढा रुंद करावा लागला.

बाहेरच्या लोकांना यातलं काहीच दिसत नसे. बंद दार, बाहेर तलवारवाला, खिडक्यांवर पडदे, आत सूर्य-चंद्र काढलेले. हिंदुस्थानात अनेक गावांत लॉजच्या इमारतीला लोक ‘जादूघर’ म्हणत. मुंबईत जन्मलेला रडयार्ड किपलिंग १८८६ला लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला आणि त्याच्या ‘किम’ कादंबरीतही लॉजला हेच नाव आहे. ब्रिटिश सरकारला मात्र जादूचं भय फारसं नव्हतं. १७९९ला क्रांतीच्या धास्तीने त्यांनी गुप्त मंडळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा फ्रीमेसनना सूट दिली. अट एवढीच की दरवर्षी सभासदांची यादी न्यायाधिकाऱ्याकडे द्यायची. यादी सरकारदरबारी जमा असलेलं गुप्त मंडळ कितपत गुप्त, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

परत लंडनला, त्या तिरप्या रेघेवर. ग्रँड टेम्पलच्या आधीच्या दालनात स्मारक आहे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. रंगीत काचांच्या खिडकीत शांतीची देवता इमारतीच्या मनोऱ्याचीच प्रतिकृती हातात घेऊन उभी आहे, आणि खाली सैनिक व साधी माणसं गोल जिन्याने तिच्याकडे चढत आहेत. खिडकीखाली ब्राँझची पेटी. ती एका नावेवर ठेवलेली आणि नाव पाणवनस्पतींत थांबलेली. प्रवास संपला, असं सुचवायचं असावं. पेटीच्या चार कोपऱ्यांना मोझेस, जोशुआ, सॉलोमन आणि सेंट जॉर्ज यांच्या लहान मूर्ती. युद्धात मेलेल्या ३,२२५ मेसनांची नावं चर्मपत्राच्या गुंडाळीवर लिहिलेली, ती इथे.

इथे मला ल्युटेन्स आणि कॉनॉट ही जोडी दुसऱ्या ठिकाणी आठवते. १० फेब्रुवारी १९२१ रोजी याच ड्यूक ऑफ कॉनॉट यांनी दिल्लीत इंडिया गेटचा पायाचा दगड बसवला, आणि ते रेखाटलं ल्युटेन्स यांनीच. त्याच युद्धाचं स्मारक. तिथली नावं उघड्यावर आहेत, कमानीच्या भिंतींवर कोरलेली. रविवारी आइस्क्रीम खात फिरणाऱ्याला मान वर करून वाचता येतील अशी. ऊन, पाऊस, धूर सगळं झेलत ती तिथे आहेत. इथे नावं दाराआड, दारामागे जिना, जिन्यामागे दालन, दालनात पेटी, पेटीजवळ गुंडाळी. मेलेल्यांची आठवण ठेवायची रीतसुद्धा मेसनांनी आपल्या सवयीप्रमाणे आत आत नेली.

वास्तूचं उद्घाटन १९ जुलै १९३३ रोजी झालं तेव्हा ड्यूकचं वय ८३ होतं. नाव दिलं ‘मेसॉनिक पीस मेमोरियल’. त्याच वर्षी जानेवारीत हिटलर सत्तेवर आला होता आणि जर्मनीतली लॉजेस बंद पाडायला त्याने वेळ लावला नाही. सहा वर्षांत दुसरं युद्ध पेटलं. शांतीचं स्मारक हे नाव तेव्हा कानाला बोचू लागलं असणार. इमारतीला पुन्हा साधं ‘फ्रीमेसन्स हॉल’ म्हणू लागले आणि तेच रूढ झालं. लंडनवर बाँब पडले, आसपासचं बरंच गेलं, हॉल उभा राहिला.

आज त्याचं संग्रहालय कुणालाही पाहता येतं. तिथे १७९१ सालची ग्रँड मास्टरची एक अवाढव्य खुर्ची आहे, पुढे चौथा जॉर्ज म्हणून राजा झालेल्या युवराजासाठी केलेली. तीत साधा माणूस बसला तर पोरगं वाटावं. हॉलमध्ये फॅशन शो होतात, सिनेमांचं चित्रीकरण होतं. ‘स्पूक्स’ या ब्रिटिश मालिकेत गुप्तहेर खात्याचं मुख्यालय म्हणून जी इमारत दाखवत ती हीच. तीनशे वर्षं लोक ज्याच्याबद्दल काहीबाही कुजबुजत आले त्या मंडळाची इमारत पडद्यावर हेरखातं म्हणून खपून गेली आणि कुणाला खटकलंही नाही.

संध्याकाळी मात्र ग्रेट क्वीन स्ट्रीटवर उभं राहावं. समोरच्या दुकानांच्या काचांमागे निळ्या काठांचे एप्रन, गळपट्टे, बिल्ले मांडलेले दिसतात, आपल्याकडे लग्नसराईत फेट्यांची दुकानं सजतात तसे. सहाच्या पुढे काळ्या सुटातले, बहुतेक वयस्कर पुरुष दोघे-तिघे मिळून बाहेर पडू लागतात. प्रत्येकाच्या हातात एक चपटी काळी पेटी, तीत घडी केलेला एप्रन. एवढ्या मोठ्या दगडी घरातून निघून ते जातात कुठे, तर रात्रीच्या जेवणाला. कुणी आजूबाजूच्या खानावळींत, कुणी शेजारच्या कॉनॉट रूम्समध्ये, जिथे पूर्वी ती टॅव्हर्न होती.